मंगळावरचा ओघळ

३ फेब्रुवारी

मंगळ! शेजारचा म्हणायचा, आणि उभ्या जन्मात कधी मान वर करून पाहिला नाही. आज लेकीने जेवणाच्या टेबलावर त्याचे फोटो पसरले. डोंगराच्या कुशीतून जिभेसारखा उतरलेला लांबच लांब ओघळ. कडा फुगलेल्या, पाठीवर सुरकुत्या.

"बाबा, काय वाटतं?"

हयात गेली लोखंड वितळवण्यात. म्हटलं, "यात वाटायचंय काय? तापलेला रस. लाव्हा!"

तिचं तोंड एवढंसं झालं. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला — पण तोवर बोलून बसलो होतो.

४ फेब्रुवारी

हिच्याकडून उलगडा झाला. पोरीचं म्हणणं, तो लाव्हा नव्हेच, बर्फाळ चिखल वाहिलाय. सगळा प्रबंध त्यावर उभा. तिचे मोठे सर, प्रबंधाचे मार्गदर्शक, नेमके माझ्या बाजूचे! "दाखवून दे, नाहीतर विषय बदल," म्हणालेत. म्हणजे आजवरची मेहनत मातीत.

९ फेब्रुवारी

तिला टाकी हवीय. आतली हवा मंगळाइतकी विरळ करायची, गारठवायची आणि चिखल ओतून बघायचा. विद्यापीठातल्या टाकीला ही भली मोठी रांग.

म्हटलं, "ओतकामाचा कारखाना कुणाचा आहे?"

"पण तुमचा तर लाव्हा ना?"

"मत माझं. टाकी तुझी."

१ मार्च

टाकी उभी! जाड पत्रा, पुढे काच. पण हवा उपसायला पंप चालवला की दाबाचा काटा अर्ध्यावर येऊन अडतो. फोरमन म्हणे पंपच बाद. मी सगळी यंत्रं बंद करवली आणि कान लावून टाकीभोवती फिरलो. खालच्या सांध्याशी बारीक सूंऽऽ — सापडली गळती!

घरी ऐट मिरवली. ही म्हणते, "मी हाका मारते तेव्हा कुठे जातात हे कान?"

७ मार्च

काय सांगू! चिखल ओतला आणि दुधासारखा उसळला. विरळ हवेत पाणी थंडच उकळतं म्हणे! मग वरून गोठला, साय धरली. वाटलं, आटोपलं. तेवढ्यात साय फोडून एक जीभ बाहेर! ती गोठली, तिच्यातून दुसरी. हुबेहूब आमच्या भट्टीतून वाहणारी लोखंडाची तापली मळी! पोरगी नाचली, फोरमन नाचला, मीही मागे राहिलो नाही.

मुद्दाम बोलावलेले मोठे सर काचेला नाक लावून बसले होते. हळूच म्हणाले, "म्हणजे नुसतं बघून कुणालाच सांगता यायचं नाही. मग माझ्या डोंगराचं काय?" त्यांनी उमेदीची वर्षं मंगळावरच्या एकाच डोंगरावर काढलीत. त्याचे ओघळ लाव्हाचे, हे त्यांनीच नकाशावर मांडलेलं.

पोरगी म्हणाली, "रडारने तपासून घेऊ, सर. माझा ओघळ आणि तुमचेही."

 हातचा डाव होता, घालवतेय खुळी!

१२ मार्च

मंगळाभोवती फिरणारं यान वरून रडारच्या लहरी सोडतं, त्यावरून आत बर्फ की दगड ते कळतं. पोरीचा तपासणीचा अर्ज मंजूर झालाय.

"दगड निघाला तर?" हिने विचारलं. मी पेपरात डोकं घातलं.

२० जून

पोरीचा फोन. तिचा ओघळ निव्वळ दगड. लाव्हा! माझंच खरं ठरलं — आणि हरलो मीच.  पण पलीकडे पोरगी हसतेय!

"बाबा, सरांच्या डोंगरावरच्या ओघळांत बर्फ निघाला, म्हणजे तिथे चिखलच वाहिलाय! म्हणतात, आजपासून हा डोंगर तुझा."