मागच्या भिंतीतला कोनाडा

मी, केरू धोंडू रोकडे, वय ७८, धंदा गवंडीकाम, राहणार टोकावडे, तालुका मुरबाड, राजीखुशीने लिहून देतो. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माळशेज रस्त्यावरचं 'हॉटेल चिमाई' माझं स्वकष्टार्जित. ते मुलगी पिंकी हिला. मुलगा धम्मपाल याला त्यातली एक वीटही नाही.

कारण लिहितो. या रस्त्यावरची निम्मी हॉटेलं माझ्या हातची. पहिलं १९६८ सालचं, मातीच्या भिंती, वर कौलं. मालकाने मागच्या भिंतीत बाहेरून कोनाडा करून घेतला. आमच्या वस्तीच्या माणसांचे कप त्यात, वेगळे. बाहेर उभं राहून प्यायचं, आपला कप आपणच विसळायचा. भिंत मी लिंपली आणि दुसऱ्या दिवशी मलाच आत मज्जाव! पुढे स्लॅब आले, मोझॅक फरशी, फॅमिली रूम, मग नुसत्या काचा. १९९४ साली मी स्वतःचं बांधलं, त्याला मागचं दार ठेवलंच नाही. येईल तो पुढून येईल.

आता धम्मपाल कॉन्ट्रॅक्टर झालाय. चिमाई पाडून 'गावरान लुक' करणार म्हणे. सिमेंटवर मातीचा रंग, खोटी कौलं, दारात बैलगाडीचं चाक. कुठून तरी त्या पहिल्या हॉटेलाचा फोटो आणला नि म्हणतो, "आबा, हा कोनाडा पण करू. कप मांडू, लोक सेल्फी काढतील."

अरे गाढवा! मी जेवतं ताट भिरकावलं. त्याला कळलंच नाय काय झालं ते. आमी पोरांना हे कधी सांगितलं नाय. लाज वाटायची. ती चूक माझी, आणि त्याचाच जास्त राग येतो.

२. थापी, ओळंबा, रंधा धम्मपालला. भिंत सरळ आहे का ते मोबाईलवर बघतो, मूर्ख.

३. हे खूळ त्याच्या डोक्यात भरवणारा आर्किटेक्ट मितेश माझ्या मयतीला आला तर त्याला चहा द्यावा. आत बसवून द्यावा. आमच्यात कोणाला बाहेर उभं करत नाहीत.

४. ज्याला हॉटेलात वाटा नाही तो साक्षीदार बरा, थापी-ओळंब्याने काही बिघडत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून पहिली सही धम्मपालची. त्याने हे सगळं माझ्यासमोर मोठ्याने वाचावं, मगच सही करावी.

टोकावडे, दि. ९ मार्च २०२५
(सही) केरू धोंडू रोकडे

साक्षीदार:
१. निर्मला हरेश गायकवाड, शेजारीण (सही)
२. धम्मपाल केरू रोकडे (सही). पहिली सही निर्मलामावशींनी केली, मला वाचायला वेळ लागला. आबा, मला खरंच माहीत नव्हतं.