रॉकेलच्या ट्रॅक्टरला पेट्रोलचा कार्बोरेटर

गिरीज, वसई
मंगळवार, ९ एप्रिल १९९६

चि. रुडॉल्फ यास,
मटिल्डाताईचे अ. आ. वि. वि. ख्रिस्तकृपेने मी बरी आहे. ट्रॅक्टर बरा नाही.

रविवार, ७ एप्रिल, ईस्टरच्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी लूर्डसमावशीला डबा द्यायला पापडीला गेले असताना, तू पप्पांच्या ट्रॅक्टरचा कार्बोरेटर काढलास. वेळ शेजारच्या दयारामने सांगितली. तो कुंपणापलीकडून बघत होता. माझ्या हातचा रोस्ट दोनदा वाढून घेतलास आणि जाताना याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

काल सकाळी ट्रॅक्टरवर विहिरीचा पंप चालवून केळींना पाणी सोडायला मी नेहमीसारखं पेट्रोलवर इंजिन सुरू केलं आणि तापल्यावर इंधनाची चावी फिरवून रॉकेलवर घेतलं. असा पांढरा धूर निघाला की दयारामला वाटलं मी वाडी पेटवली. अर्ध्या तासात इंजिन खडखडून बंद. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल दोन बोटं वाढलेलं, आणि त्याला वास रॉकेलचा! इंजिनातलं तेल कमी होतं हे ठाऊक होतं, वाढलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

रॉकेल पेट्रोलसारखं आपोआप उडत नाही. ते तापवावं लागतं, म्हणून जुन्या कार्बोरेटरमागे धुराच्या नळीला चिकटून तापणारी पेटी होती. तू दोन्ही काढून पेट्रोलचा जोड बसवलास. न तापलेलं रॉकेल सरळ तेलात उतरलं. पप्पांनी हे आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं. इंजिनिअर मात्र तू झालास.

दोनशे राजेळी केळी आहेत आणि पाणी तिसऱ्या दिवशी लागतं. जुना जोड कुठे आहे?

लोभ आहे, पण तो सध्या कपाटात ठेवला आहे.
मटिल्डा

नाशिक
शुक्रवार, १२ एप्रिल १९९६

ती. ताईस,
सप्रेम जय ख्रिस्त. पत्र पोचलं, पाकीटसुद्धा गरम होतं.

चूक माझी. आता फक्त पेट्रोलवर चालव, हे सांगणार होतो, पण तू जेवताना हसत होतीस. पप्पा गेल्यापासून, वर्षभरात प्रथमच. धीर झाला नाही.

आता माझंही ऐक. फेब्रुवारीत तुझ्या मनगटाला प्लास्टर होतं. न्हाणीघरात पडले, असं तू मला लिहिलंस. दयारामभाऊंनी मार्चमध्ये मला खरं कळवलं, की ट्रॅक्टरचं हँडल उलटं फिरलं. बंद करण्याआधी पाच मिनिटं पेट्रोलवर आणायचं तू विसरतेस. मग कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं, थंड इंजिन पेटत नाही आणि बासष्टाव्या वर्षी तू चाळीस वेळा हँडल मारतेस. पेट्रोलचा जोड एका झटक्यात पेटतो. म्हणून बसवला.

जुना जोड इथल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाला या पेट्रोलच्या जोडाच्या बदल्यात दिला. परत मागायची लाज वाटते. त्यापेक्षा विहिरीवर विजेची मोटर बसवू आणि ट्रॅक्टर प्रदर्शनासाठी इकडे आणू. पप्पांचं नाव होईल.

रागावलीस तरी बहीण तूच.
रुडॉल्फ

गिरीज, वसई
सोमवार, १५ एप्रिल १९९६

चि. रुडॉल्फ यास,
आशीर्वाद, मोजून.

प्रदर्शनात लोक बोनेटवर हात ठेवून फोटो काढतील. इथे त्याच्यावर पाणी चालतं. दुपारी वीज जाते तेव्हा तुझी मोटर विहिरीकडे बघत बसेल. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात मी दुसऱ्यांच्या खोळंब्याची कारणं ऐकली. आता माझ्या घरात नकोत.

दयारामने तेल बदलून दिलं. इंजिन हाताने फिरतं आहे, वाचलं असावं, पण दर पाण्याला पेट्रोल जाळणं मला परवडत नाही. गेला आठवडा त्याच्याच पंपावर काढला. पण सोमवार, २२ तारखेपासून, त्याला स्वतःच्या भाजीला पंप हवा. त्यानंतर माझी केळी उभ्या उभ्या वाळतील. त्या शौकिनाकडे जायची तुला लाज वाटते, आणि मी दर तिसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या दारात उभी राहते, त्याचं काय?

मनगटाचं तू लिहिलंस ते खरं आहे. पेट्रोलवर आणायचं मी विसरते, कारण पूर्वी हँडल मारायला मी होते आणि चावी फिरवायला पप्पा. मनगट अजून सुजतं. यापुढे मी हँडलला हात लावणार नाही. दयाराम मारेल, मी चावी बघेन. इतकं मी कुणाला लिहून दिलेलं नाही, तेव्हा हा कागद जपून ठेव.

आता तू लिहून दे. जुना कार्बोरेटर आणि पेटी घेऊन रविवारी, २१ तारखेला, चर्चच्या पहिल्या मिस्साआधी तू इथे असशील, एवढंच एक वाक्य, खाली सही. शनिवार, २० एप्रिल, दुपारी बारापर्यंत ते माझ्या हातात हवं. ‘बघतो’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

मटिल्डा