तीन आठवडे गोळ्या, एक आठवडा खाडा

आई, पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्याबद्दल जे सांगितलं, ते सगळं मी तुला सांगितलं नव्हतं. आणे जाऊन नवे पैसे सुरू झाले त्या वर्षीची गोष्ट. पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता, मी चऱ्होलीच्या शाळेत शिकवत होते, आणि तू पन्नाशीच्या आतच वाकली होतीस. कळशी उचलताना तुझ्या पाठीत कट्‌कन वाजलं आणि तू पंधरा दिवस उठली नाहीस. मग कासारवाडीपर्यंत बैलगाडी आणि तिथून रेल्वेने पुणे. बाईंनी पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. एक मणका दबून बसला होता. तू बाहेर बाकावर होतीस. त्या मला म्हणाल्या, "यांची पाळी लवकर गेली ना? मग हाडं आतून विरळ होत जातात. या हॉर्मोनच्या गोळ्या. झिजलेलं भरून येईलच असं नाही, पण पुढची झीज थांबेल. तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा खाडा. रोज दूध द्या. आणि एक नीट समजावून सांगा. खाड्याच्या आठवड्यात त्यांना अंगावर जाईल, पाळीसारखं. घाबरायचं नाही."

मी मान हलवली. पण आपल्या दोघींत हा विषय शब्दाने कधी निघालाच नव्हता. मी पहिल्यांदा बाजूला बसले तेव्हासुद्धा तू न बोलता घोंगडी आणि तांब्या कोपऱ्यात ठेवून गेली होतीस. परतीच्या गाडीत तू विचारतेस, "काय म्हनली गं बाई?" समोर दोन परके पुरुष बसलेले. मी म्हणते, "शक्तीच्या गोळ्या आहेत. दूध प्यायचं." तू हसतेस. "एवढंच व्हय? म्हस हाय की दारात. तिला इचारलं आसतं तरी तिनं ह्येच सांगितलं आसतं." घरी गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं. घरी गेल्यावर उद्या सांगू, असं ठरवलं.

गोळ्यांनी तुझं दुखणं कमी झालं. पहिल्याच खाड्याच्या आठवड्यात देवीची यात्रा आली, तेव्हा तू पाट्यावर बसून पुरण वाटत होतीस. देवीचा नैवेद्य पाळी गेलेल्या बाईनेच रांधायचा, ही आपल्या भावकीची रीत. दोन वर्षांपूर्वी तो मान तुझ्याकडे आला होता आणि तो तुला फार मोठा वाटायचा. त्या दिवशी नैवेद्य देवळात पोचला आणि मग तुझ्या लक्षात आलं. तू मुकाट्याने गोठ्याकडे जाऊन बसलीस. चुलतीने पाहिलं आणि चार बायकांसमोर म्हणाली, "काय गं जाऊबाई, पुन्यांदा न्हातीधुती झालीस व्हय? लेकीच्या लग्नात पाळना बांधायचा का आता?" बायका हसल्या. तू पदर तोंडाला लावलास. दुपारी मी जेवण घेऊन आले तेव्हा तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "त्या गोळ्यांनी झालं का गं?"

एक हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मला काय माहीत."

"मग देवीच कोपली," तू म्हणालीस. "तिच्या निवदाला माजा इटाळ झाला. तिथं गोळ्या काय करनार?" पाचव्या दिवशी तू डोक्यावरून पाणी घेतलंस, गोळ्यांची बाटली उकिरड्यावर टाकलीस आणि देवळाच्या पायरीवर जाऊन जन्मभरासाठी दूध सोडलंस. दूध, दही, ताकसुद्धा. म्हशीची धार काढायचीस, पण चहा कोराच प्यायचीस.

श्रावणात उंबऱ्याला पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्य कामट्या बांधून गेला. त्यानंतर तू बाजेवरून उठलीच नाहीस. पाठीला जखमा झाल्या, त्या मी रोज कोमट पाण्याने पुसायचे. दुधाचा पेला पुढे केला की तू तोंड फिरवायचीस. "नको गं. इटाळ म्या केला, भोगायचं बी मलाच." तुझी पाठ माझ्याकडे असायची, चेहरा दिसत नसायचा, तेव्हा तरी सांगणं सोपं होतं. पण मी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, "मग तवाच का न्हाई बोललीस?" पौषात तू गेलीस. शेवटपर्यंत तुला वाटत होतं की तू देवीची गुन्हेगार आहेस.

तुला वाचता येत नव्हतं. आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. हे मात्र रिकाम्या घरातसुद्धा मला मोठ्याने वाचता आलेलं नाही.

आता माझीही पाठ वाकली आहे. गेल्या सोमवारी मुलगा मला चिंचवडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण आहे. तिने त्याच्यासमोरच विचारलं, "आजी, पाळी कधी गेली?" मी वय सांगितलं. मुलगा मोबाइल बघत राहिला, काही झालं नाही. मग ती म्हणाली, "तुमच्या आईचं खुब्याचं हाड कधी मोडलं होतं का? कधी कधी हे आईकडून लेकीकडे येतं, म्हणून विचारते." पेन कागदाला टेकवून ती थांबली होती. मी म्हणाले, "नाही. आई तापाने गेली." तिने तसं लिहून घेतलं.