सुतळीनं घेतलेलं माप

अण्णा, आज मी जिंतूरचा तो चढ न थांबता पळत चढले. पंचेचाळीस वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, अंगात लेकाचा जुना टी-शर्ट. मागून आलेला दूधवाला विचारतो, "मावशी, कुत्रं लागलंय का मागं?" तुम्ही असता तर त्याची गाडी अडवून दोन शिव्या हासडल्या असत्या. वर पोचल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण रडूच फुटलं. या चढावर मी तुमच्याशी खोटं बोलले होते, आणि ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

पळायला लागून आठ महिने झाले. शुगर निघाली, डॉक्टर रागावले, म्हणून सुरू केलं. ऑफिसात पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी आहे, तिनंच मला हाताशी धरलं. मंगळवारी परभणीच्या मैदानावर एक फेरी जोरात, अर्धी चालत, असं सहा वेळा. रविवारी एसटीनं जिंतूर आणि हा चढ. सुरुवातीला मी निम्म्यातच कमरेवर हात ठेवून उभी राहायचे. ती म्हणायची, "मॅडम, तुमी खालीच सगळा दम संपवायलाव. पावलं बारकी टाका. बोलता आलं पाहिजे, एवढंच पळा." मी मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करायचे. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

नववीत होते. शाळांच्या स्पर्धा, मुलींची शर्यत, याच रस्त्यावर. पोरीला पळायला पाठवता म्हणून गावात तुम्हाला काय काय ऐकावं लागलं, ते मला आईनं नंतर सांगितलं. तुम्ही मात्र दुपारी मी झोपलेली असताना सुतळीनं माझ्या पायाचं माप घेतलं, टोकाला गाठ मारली आणि बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. झोपलेला पाय आखडलेला असतो, उभं राहिलं की पसरतो, हे तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही जन्मभर वहाणेत वावरलेले. बूट जरा घट्टच झाले. तरी ते घालून मी अख्ख्या गल्लीत मिरवले, हेही खरं.

शर्यत सुटली आणि मी अशी उधळले की विचारू नका. शहरातल्या पोरींना दाखवायचं होतं ना! चढ लागला तशी छाती फुटायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. एकेक पोरगी पुढं गेली. तुम्ही सायकल टाकून धावत आलात. "काय झालं माय?" सगळे बघत होते. दम संपला असं म्हणायची मला लय लाज वाटली. मी ओरडले, "बूट चावायलेत! साधं माप बी घेता येत न्हाई तुमाला!"

तुम्ही भर रस्त्यात मांडी घालून माझे बूट काढलेत आणि अंगठा चोळत बसलात. त्या दिवसापासून घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचात, "पोरीचा नंबर माझ्यापायी गेला." पाहुण्यांसमोर, माझ्या लग्नात, जावयासमोरसुद्धा. मी तिथंच बसलेली असायचे, चहा द्यायचे, ऐकायचे. एकदा तरी म्हणायचं होतं की गप बसा अण्णा, तसं काही नव्हतं. पण आता कशाला उकरायचं, म्हणून सोडून दिलं. दर वेळी सोडून दिलं. पुढच्या वर्षी सरांनी नाव विचारलं तेव्हा तुम्हीच नको म्हणालात, माझ्या पायांची काळजी म्हणून. मलाही तेच हवं होतं, कारण पुन्हा त्या चढाची भीती वाटत होती.

हे जिंतूरच्या स्टँडवर बसून लिहितेय. परभणीची गाडी लागली आहे, ती पोरगी खिडकीतून हाका मारतेय. हा कागद कुठं टाकणार? पर्समध्येच राहील.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझ्या पायाकडं बघत विचारलंत, "अजून दुखतो का गं अंगठा?" आणि मी म्हणाले, "कधी कधी." अण्णा, तो कधीच दुखला नव्हता.