माझ्या साक्षीतली सासू

आत्याबाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. आणि डोळे मिटले तरी आधी आवाज येत नाही, आधी कापूस येतो. राळेगावकडच्या आपल्या घरातली ती मधली खोली, भिंतीलगत पार आढ्यापर्यंत कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली, वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आलेली आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगताहेत, खाली यायची त्यांना काही घाई नाही. त्या वर्षांत सगळ्यांच्याच घरी कापूस असा पडून असायचा. भाव चढेल, खरेदी सुरू होईल, पुढच्या हप्त्यात बघू, असं म्हणत माणसं कापसाच्या कडेकडेनं जेवायची, झोपायची आणि अंग खाजवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काय मऊ घर आहे! तुम्ही पहिल्याच दिवशी माझा भ्रम घालवलात. "मले आत्याबाई म्हणजो, अन् त्या कापसावर बसू नोको, खाज सुटते," म्हणालात. सासूचा तो पहिला उपदेश मी काही पाळला नाही, कारण तुमची नात पुढे त्याच कापसात जन्मली.

आज तिच्यामुळेच लिहायला बसले आहे. दुपार आहे, यवतमाळचं ऊन पडद्याला चिकटलंय, घरात कोणी नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी नंतर प्रभूची झाले, बाप्तिस्मा घेतला. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे. उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, आपलं आयुष्य आधी कसं होतं आणि प्रभूनं हाताला धरून कुठं आणलं. माझी साक्ष इकडे बरीच नावाजलेली आहे हो. पांढरकवड्यापासून वणीपर्यंत मला बोलावणी येतात. मी बाळंतिणींजवळ बसायचं काम करते. औषध देत नाही, नाळ कापत नाही, ते डॉक्टर आणि नर्स बघतात. मी फक्त शेवटपर्यंत जवळ राहते, कंबर चोळते, पाणी पाजते, भिऊ देत नाही. त्याला डौला म्हणतात. बायकांच्या तोंडात तो शब्द बसत नाही, त्या मला सरळ 'पाठवाली बाई' म्हणतात. तर ही पाठवाली बाई कशी घडली, ती माझी साक्ष. आणि तिच्यात तुम्ही आहात, आत्याबाई. बऱ्या जागी नाही आहात.

पहिल्या बाळाच्या वेळचं आधी सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही दाराबाहेर होतात आणि मी आत होते, त्यामुळे तो दिवस आपल्याला कधी एकत्र आठवता आला नाही. दवाखान्यातली ती लोखंडी खाट, उताणं झोपवलेलं, हलायचं नाही, ओरडायचं नाही. भिंतीला हिरवा रंग होता आणि मी त्या रंगात पाण्यात बुडाल्यासारखी पडून होते. दर वेळी दार उघडलं की तुमच्या लुगड्याचा काठ दिसायचा आणि दार बंद व्हायचं. "इचा हात त धरू द्या बापा," असं तुम्ही कोणाला तरी म्हणत होतात, ते मला ऐकू आलं होतं. कोणी धरू दिला नाही. बाळ रडलंच नाही. बैलगाडीतून घरी येताना तुम्ही माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सबंध रस्ता एक शब्द बोलला नाहीत. मी तेव्हा समजले की तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात.

दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही मामंजींना सांगून टाकलंत, "आता मी काही भायेर नाही राहत. घरीच करतो." शहाणपणाचं नव्हतं ते. आज कोणी माझ्यासमोर असं म्हणालं तर मीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेईन. पण तेव्हा तुम्हाला दार नको होतं, आणि मला तो हिरवा रंग नको होता. सकाळपासून तुम्ही माझ्या मागे बसलात, दोन्ही गुडघे माझ्या कमरेला लावून. उन्हं चढली, दुपार झाली, बाळ पुढे सरकेना. मी म्हणाले, मी मरते. तुम्ही म्हणालात, "मरत नाही. घरात गाठी लय आहेत. सोड."

आपल्याकडे ती रीतच. बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, पेटीचं झाकण उघडायचं, वेणी मोकळी करायची. पण इतर घरांत ते काम दुसऱ्या बायका करतात, आत्याबाई. तुम्ही मला करायला लावलंत. आणि त्या घरात गाठी किती, तर धोतरांत, पासोड्यांत, जुन्या लुगड्यांत बांधलेली कापसाची गाठोडी मी मोजलीसुद्धा नाहीत. तुम्ही मला उठवलंत. एका गाठोड्यापाशी मी गुडघ्यांवर बसते, त्याच्यावर छाती टाकते, कळ येते, तुम्ही मागून तळहातानं माकडहाड दाबता, कळ जाते, मी गाठ सोडते. कापूस बाहेर येतो. "चाल, पुढचं," तुम्ही म्हणता. मी पुढच्या गाठोड्याकडे जाते. तीन पावलं चालते, वाकते, ओणवी होते. बोटं सुजलेली, गाठी पक्क्या, दातांनी ओढते. हळूहळू सगळी खोली पांढरी होते, जमीन दिसेनाशी होते, मला कुठं माझं अंग संपतं आणि कुठं कापूस सुरू होतो ते कळत नाही. अजूनही झोपेत कधीकधी मी त्या खोलीत असते आणि मला तिथून निघावंसं वाटत नाही.

मामंजी दारात आले होते. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि शेवटचा पिवळट फरदड तुम्ही सगळा हंगाम वेगवेगळा ठेवला होता, तो सगळा एक होताना त्यांनी पाहिला. "अवं, काय करून राह्यली तू? समदा एक केला!" तुम्ही मानही न वळवता म्हणालात, "निवडता येते मंग. तुमी भायेर जा." त्यांच्या मागोमाग आली ती सिस्टर. मिशनच्या दवाखान्यातली, गळ्यात लहानसा क्रूस, लेकरांना सुया टोचायला गावात आली होती, कोणीतरी तिला बोलावून आणलं. मी गाठोड्यावर ओणवी, केस मोकळे, तोंडात धोतराचं टोक. मला वाटलं, आता ही आपल्यावर ओरडणार. ती चप्पल काढून कापसातून चालत आली, पोटावर हात ठेवला, कान लावला आणि म्हणाली, "करू द्या, करू द्या त्यांना. बाळ वळतंय." मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला सगळी कळली नाही. शेवटी ती म्हणाली, "भिऊ नकोस. तो इथंच आहे. आणि या पण इथंच आहेत." त्यानंतर थोड्याच वेळात तुमची नात आली, केसांना कापूस चिकटलेली, आणि काय टाहो फोडला तिनं!

'तो इथंच आहे' हे मी विसरू शकले नाही. तो कोण, हे विचारायला मी सिस्टरकडे जाऊ लागले, आणि दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी भाकर थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुह्या देवाले सांगजो, बाईजवळ बसाले मले बी येते." मला तेव्हा ते टोचलं. मला वाटलं, तुम्ही माझ्या देवाची चेष्टा करताय. मी तव्यावरची भाकर करपू दिली आणि उठून गेले.

आणि मग मी साक्ष द्यायला लागले. पहिल्यांदा दिली तेव्हा आधी दवाखान्याचं सांगितलं. मग सांगितलं, कळा देताना मला सासूनं कापसाच्या गाठी सोडायला लावल्या, आणि सबंध मंडळीतून एकदम एक हाय निघाली. एक म्हातारी रडायला लागली. मग मी सिस्टरचं सांगितलं, तिनं आत येऊन म्हटलं, भिऊ नकोस, तो इथंच आहे. तिथं मी थांबले. तिथं थांबलं की फार छान वाटत होतं. पुढचं वाक्य मी त्या दिवशी सांगितलं नाही, आणि मग कधीच सांगितलं नाही. खोटं मी काही बोलले नाही, आत्याबाई. गाठी तुम्ही सोडायला लावल्याच होत्या. फक्त अशा जागी कात्री लावली की एका बाजूला अंधार राहिला, दुसऱ्या बाजूला उजेड, आणि अंधाराला लुगडं नेसवून मी तुम्हाला तिथं उभं केलं.

नागपूरला हे काम शिकायला गेले तेव्हा मला सगळं कळलं होतं, म्हणजे न कळल्याची सबबही माझ्याकडे नाही. शिकवणाऱ्या बाई हातात कापडी बाहुली घेऊन सांगत होत्या, आईला उताणी निजवून ठेवू नका, उठवा, चालवा, पुढे ओणवं होऊ द्या, हाताला काही काम द्या, मागून कमरेच्या हाडावर तळहातानं दाब द्या. बाकीच्या वहीत उतरवून घेत होत्या. माझा पेन थांबला. बाहेर निंबाचं झाड होतं, मी त्याच्याकडे बघत बसले. बाईंनी विचारलं, "समजलं ना?" मी म्हणाले, हो. घरी आले आणि पुढच्या रविवारी तीच साक्ष दिली, जशीच्या तशी. तुम्ही तेव्हा हयात होतात. आपल्या ओसरीवर तूर पाखडत असाल कदाचित.

तुमची नात आता सातव्या महिन्यात आहे. पहिलटकरीण, माहेरी आली आहे. गेल्या आठवड्यात, मोठी झाल्यावर पहिल्यांदाच, तिनं माझी साक्ष नीट ऐकली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आजीनं मले दुसरंच सांगतलं होतं." मी विचारलं, काय? तर म्हणाली, "आजी म्हणे, तुही माय लय जिगरवाली. साऱ्या घराच्या गाठी तिनं एकटीनं सोडल्या, मी नुसती मागं बसलो होतो." तुम्ही तिला हे जेवताना सांगायचात म्हणे, घास भरवताना, पुन्हा पुन्हा. तुमच्या गोष्टीत तुम्ही मागे बसलेल्या, आणि सगळं मी केलेलं. मी भांडी घासायला निघून गेले आणि नळ मोठा सोडून रडले. आत्याबाई, मला तुमच्यापुढे त्या दिवशी इतकी लाज वाटली, जितकी तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर पडल्यावरही कधी वाटली नव्हती. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मग खरं कोणतं?" तिनं विचारलं. रविवारी साक्षीत सांगते, मी म्हणाले.

तो रविवार काल झाला. हे काम शिकू पाहणाऱ्या सात-आठ पोरी समोर बसल्या होत्या, पलीकडे नेहमीच्या बायका, आणि खिडकीजवळ आपली लेक, पोटावर हात ठेवून. मी प्रार्थना करून उभी राहिले. जीभ सवयीनं नेहमीच्या रस्त्यानं चालायला लागली. दवाखाना झाला, कापूस झाला, गाठी झाल्या, नेहमीची ती हाय निघाली. या जागी मी दर वेळी म्हणते, 'माझ्या सासूचा चेहरा दगडासारखा होता.' ते म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी तुमचा चेहरा पाहिलाच नव्हता. तुम्ही सकाळपासून माझ्या मागे होतात. पहिलं लेकरू गेलेलं, दुसरं अडलेलं, पाठीशी तुम्ही एकट्या. तिथं तुमचा चेहरा कसा होता, तुम्ही भ्याल्या होतात का, रडत होतात का, हे मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. मी तसं सांगितलं. मग सिस्टरचं वाक्य पूर्ण सांगितलं. तो इथंच आहे, आणि या पण इथंच आहेत. भाकर थापताना तुम्ही जे म्हणालात तेही सांगितलं, आणि हे बसायचं काम मी नागपूरला नाही, घरी शिकले, हेही.

नवीन पोरींपैकी एकीनं कंबर नेमकी कुठं दाबायची असं विचारलं, ते मी दाखवलं. चर्चच्या पाळकांनी घड्याळ बघितलं आणि गीत सुरू केलं. लेक घरी येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "तू मागंच बसजो मग." मी हो म्हणाले. हे कुठं पोस्टात टाकायचं नाही म्हणून मोकळेपणी लिहिते आहे, नाहीतर हे शेवटचं मी तुम्हाला कळू दिलं नसतं. साक्ष संपवून मी खाली बसले ना, तेव्हा मनात तुम्ही नव्हतात आणि प्रभूही नव्हता. मी बायकांचे डोळे बघत होते. एकीचेही ओले नव्हते, आणि आत्याबाई, मला त्याचंच वाईट वाटलं.