कारणे सांगितली, परिणाम राहिले

मी, मनोहर वामन टिपणीस, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी तो जुमानला नसता, हे मला ओळखणारे सांगतील. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकीलबाईंनी विचारले, इंग्रजीत का नाही. कोर्टाने भाषांतर करून घ्यावे. इतकी वर्षे ते काम मी केले. घरादाराची वाटणी चार ओळींत संपते. बाकीचे सगळे एका माणसाबद्दल आहे.

१. बॉथेलचे राहते घर आणि बँकेतल्या ठेवी माझी एकुलती मुलगी स्वानंदी, राहणार क्युपर्टिनो, हिला. तिने घर विकले तरी हरकत नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या कैलासवासी पत्नी शुभाने, कुंडीत लावलेला कढीलिंब मात्र घराबरोबर विकू नये.

२. करवती, हातोड्या आणि ड्रिल मराठी मंडळात गणपतीचे मखर करणाऱ्याला. ज्याला हातोडी धरता येते त्यालाच द्यावे. समितीवर आहे म्हणून कोणाला देऊ नये.

३. माझ्या व्याख्यानांची टिपणे. इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीवर मी पंचवीस वर्षे वाचत आलो. २०१७ च्या फेब्रुवारीत मंडळात त्यावर दोन व्याख्याने ठरली होती, पहिले कारणांवर आणि दुसरे परिणामांवर. मंडळाचा अध्यक्ष तेव्हा हेमचंद्र रेगे होता, राहणार बेलव्ह्यू, पुण्याच्या होस्टेलपासूनचा माझा मित्र. त्याने अकरा वर्षे सर्वसाधारण सभा बोलावली नव्हती.

मी जे पुस्तकात आहे तेच सांगितले. पहिल्या चार्ल्सला वाटे की आपल्याला देवाने नेमले आहे, तेव्हा उत्तर द्यायचे ते देवाला. अकरा वर्षे त्याने पार्लमेंट बोलावले नाही. समुद्राकाठच्या गावांनी युद्धाच्या वेळी द्यायचा जहाजांचा कर त्याने शांततेच्या काळात आतल्या गावांवरही बसवला. स्कॉटलंडच्या लोकांवर नवे प्रार्थनापुस्तक लादले, तेव्हा भर चर्चमध्ये स्टुले फेकली गेली. त्यांच्याशी लढायला पैसा हवा म्हणून शेवटी पार्लमेंट बोलवावे लागले, तर ते तक्रारींची यादीच घेऊन बसले. मग हा पठ्ठ्या शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला सभागृहात शिरला. ते आधीच निसटले होते. त्याच वर्षी युद्ध पेटले.

यात मी मंडळाचे नाव काढले नाही. पण हेमचंद्रने नुकतीच वर्गणी मनाने वाढवली होती, आणि आदल्या गणपतीत आरत्या म्हणायच्या सोडून स्पीकरवर लावल्या होत्या, कारण म्हणे लोक बेसूर गातात. गाणारच बेसूर, आरती आहे ती. मी "अकरा वर्षे" म्हणताच मागच्या रांगेत हशा पिकला आणि माना अध्यक्षांकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी मला ईमेल आली की पुढचे व्याख्यान कॅन्सल केले आहे. फोन नाही, कारण नाही. पन्नास वर्षांच्या मित्राला ईमेल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एप्रिलमध्ये सह्या गोळा करून मी सभा भरवली, बासष्ट विरुद्ध एकोणीस मतांनी त्याला खाली खेचले, आणि टाळ्या वाजत असतानाच हॉलबाहेर जायला सांगितले.

ही टिपणे त्याचा मुलगा अनय, सध्याचा अध्यक्ष, याला द्यावीत. परिणामांची मी नव्याने लिहिली आहेत, जुनी चुकीची होती.

४. चुकीची कशी, तेही लिहितो. जुन्या टिपणांत राजाचे डोके उडाले, पार्लमेंट जिंकले, व्याख्यान संपले. प्रत्यक्षात चारच वर्षांनी क्रॉमवेलने, ज्याने पार्लमेंटसाठी तलवार उपसली त्यानेच, शिपाई आणून पार्लमेंट हाकलले आणि स्वतः राजासारखा बसला. तो मेल्यावर लोकांनी राजाच्या मुलालाच परत आणले, आणि क्रॉमवेलचे प्रेत उकरून फासावर टांगले. मीही तीन महिन्यांसाठी अध्यक्ष झालो आणि चार वर्षे राहिलो. निवडणूक मी घेणारच होतो. समिती झूमवर तारीख विचारू लागली तेव्हा मी सगळ्यांना म्यूट केले आणि मीटिंग बंद केली. महिन्याभरात अनय अध्यक्ष झाला आणि वेबसाइटवरून माझा फोटो गेला. आपल्यात जाळतात हे बरे आहे, उकरायला काही उरत नाही.

सगळ्यात संताप येतो तो याचा की मंडळाची घटना मीच लिहिली, १९९६ साली, हेमचंद्रच्या जेवणाच्या टेबलावर पोहे खात. "अध्यक्षांना योग्य वाटेल तेव्हा सभा बोलवावी." आपला हेमचंद्रच तर अध्यक्ष होणार, मग तारीख कशाला घाला? जन्मभर प्रत्येक तुळईचा भार दोनदा तपासला आणि इथे मैत्रीच्या भरवशावर सही ठोकली. त्या एका वाक्याने आधी त्याला बिघडवले, मग मला. त्यातला त्याचा दोष मी कमी करत नाही.

५. मंडळाच्या वाचनालयाची तेराशे पुस्तके माझ्या गॅरेजमध्ये आहेत. रागाने परत केली नव्हती; चार वर्षे माझी गाडी पावसात उभी आहे. ती माझी नाहीत, म्हणून देत नाही, परत करतो. अट एवढीच की घटनेत वार्षिक सभेची तारीख घालावी. (ही अट खोडली आहे, शेजारी सही आहे. मेल्यावरही हुकूम सोडणारा मी कोण? सभेने ठरवावे.)

६. अंत्यविधी. शुभा २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. हेमचंद्र आला नाही. त्याच्या बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत शुभाने महिनाभर डबे पोचवले. भांडण माझ्याशी होते, तिच्याशी काय होते? मी दाराकडे बघत विधी थांबवून ठेवला, शेवटी गुरुजी घड्याळ पाहू लागले. यादवीला कारणे असतात. याला काय कारण असू शकते ते मला सहा वर्षांत सापडलेले नाही. स्वानंदी म्हणते, "बाबा, प्लीज लेट इट गो." नाही सोडणार. माझ्या अंत्यविधीला हेमचंद्र रेगे याने येऊ नये. आला तर परत पाठवावे. हे काम अनयला सांगू नये, मुलगा आहे तो त्याचा.

साक्षीदार दोन लागतात, आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार नाही अशीच माणसे घ्या, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्याकडून काही म्हणजे काहीही न मिळणारा माणूस कोण, तर पहिले नाव हेमचंद्रचेच सुचले. ईमेल केली. तासाभरात उत्तर आले, रविवारी अकराला येतो. चहा मी विचारणार नाही.

सही: मनोहर वामन टिपणीस
स्थळ: बॉथेल. दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: सुलेखा गद्रे, शेजारीण, बॉथेल.

साक्षीदार २: हेमचंद्र रेगे, बेलव्ह्यू. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो असे सुलेखाताई म्हणतात, पण मी न वाचता सही करत नाही. वर्गणी समितीला विचारून वाढवली होती. आरत्यांचे खरे आहे. शुभावहिनींच्या दिवशी मी आलो होतो. पार्किंगमध्ये दोन तास गाडीत बसून होतो. तू सगळ्यांसमोर पुन्हा बाहेर काढशील असे वाटले.

कलम ६ खोडले. शेजारी सही केली. म. वा. टिपणीस. सुलेखाताई म्हणतात, सह्यांनंतर खोडाखोड चालत नाही, सगळे नव्याने लिहून साक्षीदार पुन्हा बोलवावे लागतील. पुढच्या रविवारी बोलावले आहे, जेवायलाच.