घर आणि लेथ अनुजाच्या नावे

मी, आकाराम दत्तू चौगुले, वय बहात्तर, धंदा लेथकाम, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. दुखणे हातांना आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर मी सांगितला, वकिलांनी उतरवून घेतला. मध्ये मध्ये मी घरचे बोललो ते त्यांना गाळायचे होते. मी गाळू दिले नाही.

१. माझी पत्नी तानाबाई वारली आहे. मुलगा धैर्यशील बायको-मुलीला माझ्याकडे सोडून वारणानगरला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. सून अनुजा व नात संयोगिता माझ्याजवळ राहतात. घर आणि वर्कशॉप माझ्या स्वकष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. सबब ते कोणाला द्यायचे हे मी ठरवणार.

२. राहते घर अनुजाला, पूर्ण मालकी हक्काने. उद्या लोक विचारतील, म्हणून कारणही लिहून ठेवतो.

संधिवाताने माझी बोटे सुजली. सकाळी मूठ वळेना, शर्टाचे बटण लागेना. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर दाबाचे हातमोजे दिले, घट्ट, बोटांची टोके उघडी असलेले. म्हणाले, "यानं आजार जाणार नाही, पण सूज आणि कळ कमी वाटेल. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच काढा." आता ते मोजे चढवायलाच धड बोटे लागतात. अनुजा रोज संध्याकाळी माझे एकेक बोट धरून ते चढवू लागली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही भिंतीकडे बघत होतो. पण त्या रात्री कळ उतरली आणि मला झोप लागली.

३. पुतण्या सम्राट याला काही नाही. त्याने चहाच्या गाड्यावर चार माणसांत म्हटले, "पोरगा गेला वारणेला आणि म्हातारा बसलाय सुनेचा हात धरून." ते अनुजाच्या कानावर गेले. त्या संध्याकाळी मोजे माझ्या कॉटवर नुसते ठेवलेले होते. मी दातांनी ओढून बघितले, जमले नाही. पुढे काही दिवस मी तिला हाकही मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

मग एका सकाळी तिने कट्ट्यावर, गल्लीच्या तोंडाला खुर्ची मांडली.

"आण्णा, भाईर या. हात द्या."

"लोक बघत्यात, पोरी."

"बघू द्यात की. घरात केलं म्हणून बोलत्यात न्हवं? आता हितंच करायचं."

समोरची धोंडुबाई धुणे टाकून आली. मला वाटले, आता ही काय बोलते. तिने आपली वाकडी बोटे पुढे केली आणि म्हणाली, "माझ्या मापाचं मिळंल काय गं?"

त्यानंतर गल्ली गप्प झाली. सम्राट अजून माझ्या दारात आलेला नाही. आला तर त्याने आधी अनुजाशी बोलावे.

४. वर्कशॉप, लेथ आणि सगळी हत्यारे, मायक्रोमीटरसह, अनुजाला. नग पकडून फिरवणाऱ्या चकजवळ हातमोजे घालून जायचे नाही, हा माझ्या वर्कशॉपचा नियम. मोजा अडकला तर हात आत जातो. मोज्याशिवाय माझा हात चालेना, म्हणून मी लेथ सोडली. धैर्यशीलचा निरोप आला, विकून टाका. अनुजाने विचारले, "मला शिकवता काय?" साडीही चालणार नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ती माझ्या जुन्या शर्ट-पँटीत, केस घट्ट बांधून आली. मी मोजे घालून स्टुलावर, ती मोकळ्या हातांनी लेथवर. तिने कातलेल्या पहिल्या बुशचे माप चुकले तेव्हा मी ओरडलो. तीही ओरडली. आता गिऱ्हाइके मला सोडून तिलाच फोन करतात. याचा मला थोडा राग येतो, तोही इथे नोंदवतो.

५. बँकेतली शिल्लक संयोगिताच्या शिक्षणाला. धैर्यशीलला माझे घड्याळ आणि त्याच्या आईचा फोटो. तो आला तर त्याला जेवू घालावे. मुक्काम करू द्यायचा की नाही, ते अनुजा ठरवील.

६. वकिलांनी मसुद्यात एक ओळ घातली होती: अनुजा या घराची सून म्हणून राहील तोपर्यंतच हे सर्व तिचे. मी विचारले, "आणि तिनं दुसरं लगीन केलं तर?"

"तर हक्क जाईल. बहुतेक लोक असंच लिहितात, आण्णा."

ती ओळ मी खोडायला लावली. अनुजाने फारकत घेतली, दुसरे लग्न केले, घर विकून दुसऱ्या गावी गेली, तरी हे सगळे तिचेच. लग्न ठरले आणि मी जिवंत असलो, तर मांडवात तिच्या बापाच्या जागी मी उभा राहीन. नसलो, तर हे कलम तिथे मोठ्याने वाचावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला तो मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करत आहे.

आकाराम दत्तू चौगुले (सही)

साक्षीदार:
१. धोंडुबाई रामा माने, शेजारीण (सही)
२. डॉ. अभिराम शिरगावकर, माझे डॉक्टर (सही)

ठिकाण: उचगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४